आल्प्समधली कमी खर्चाची कौटुंबिक स्की-सहल गाडीने कशी करावी

पुण्याहून आल्प्सला जाऊन आठवडाभर स्कीइंग करण्याचा खर्च मुख्यतः तीन निर्णयांवर ठरतो, आणि ते तिन्ही निर्णय घर सोडण्याच्या चार-पाच महिने आधी घ्यावे लागतात: कोणत्या आठवड्यात जायचे, कोणत्या गावात राहायचे आणि रोजचा स्वयंपाक कुठे करायचा. हे तीन प्रश्न नीट सुटले, तर विमानाच्या तिकिटात दोन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी रात्र-रात्र जागण्याची गरज पडत नाही. मात्र टायर, विमा आणि शिक्षक या तीन बाबतींत केलेली काटकसर फार महागात पडते. पुढचे सर्व विवेचन आई, वडील आणि शाळकरी वयाची दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबासाठी आहे, आणि त्यांच्यापैकी कोणीही यापूर्वी स्कीवर उभे राहिलेले नाही असे मी धरून चालतो. केवळ स्कीइंग शिकणे एवढाच हेतू असेल, तर उत्तराखंडातील औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे अभ्यासक्रम चालतात आणि ते याहून पुष्कळ स्वस्त पडतात, हेही आधीच सांगितले पाहिजे.

मुंबईहून म्युनिकला थेट विमान जाते. म्युनिकच्या विमानतळावर गाडी भाड्याने घेऊन ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात उतरणे हा पहिल्या खेपेसाठी मला सर्वांत सोपा मार्ग वाटतो. जर्मनीत मोटारींना टोल नाही, रस्ता थेट आहे आणि सीमेजवळची गावे म्युनिक विमानतळापासून साधारण पुणे-मुंबई एवढ्याच अंतरावर आहेत. झुरिकलाही मुंबईहून थेट विमान आहे, पण स्वित्झर्लंडमधला किराणा आणि मुक्काम खिशाला जाणवतो. फ्रान्सच्या आल्प्सला जायचे असेल तर जिनिव्हा सोयीचे पडते. तिथल्या विमानतळाला स्विस आणि फ्रेंच अशा दोन बाजू आहेत, आणि फ्रेंच बाजूला भाडे कमी दिसले, तरी त्या गाडीला हिवाळी टायर असतीलच असे धरून चालू नये.

गाडी प्रत्येकाला लागतेच असे नाही. म्युनिकहून इन्सब्रुकला रेल्वेने पावणेदोन तासांत पोहोचता येते. किट्झब्यूल, झेल आम झे आणि सांक्ट आंटोन ही स्कीइंगची गावे तर थेट रेल्वेमार्गावरच आहेत. पाच जणांपर्यंत एकत्र काढता येणारे बायर्न तिकीट, म्हणजे म्युनिकच्या बव्हेरिया प्रांताचे रेल्वे-तिकीट, सीमेपलीकडे कुफश्टाइन आणि साल्झबुर्गपर्यंत चालते. पती-पत्नी दोघेच जाणार असतील आणि मुक्काम स्टेशनाजवळ असेल, तर गाडी घेऊ नये असाच माझा सल्ला आहे. चौघांचे सामान, आडवाटेच्या खोऱ्यातले स्वस्त घर आणि आठवड्याचा किराणा हे तिन्ही एकत्र आले, की गाडीचे भाडे वसूल होते.

आता तारखा. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंतचा काळ सर्वांत महाग असतो, आणि नेमकी तेव्हाच आपल्या शाळांना सुट्टी असल्यामुळे बहुतेक जण तोच काळ निवडतात. फेब्रुवारीत ऑस्ट्रियाच्या प्रांतांच्या सहामाही सुट्ट्या, बव्हेरियाची कार्निव्हलची सुट्टी आणि फ्रान्सची महिनाभर विभागवार चालणारी सुट्टी एकामागून एक येतात. या दोन लाटांच्या मध्ये जानेवारीचा दुसरा, तिसरा आणि चौथा आठवडा मोकळा राहतो. घरांचे भाडे उतरते, उतारांवरची गर्दी ओसरते आणि थंडी पुरेशी असल्यामुळे खालच्या गावांतही बर्फ टिकतो. संक्रांत झाल्यावर निघावे आणि प्रजासत्ताक दिनाची सुट्टी जोडून परतावे, म्हणजे मुलांची शाळा पाच-सहा दिवसच बुडते. शाळेकडून तशा रजेचे पत्र मागून घ्यावे, कारण व्हिसाच्या अर्जालाही ते जोडावे लागते. परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्येच जमणार असेल, तर सात-आठशे मीटर उंचीच्या गावांचा विचार सोडून द्यावा आणि हिंटरटुक्स किंवा श्टुबाय या हिमनद्यांकडे जावे. तिथे तीन हजार मीटरच्या वर तेव्हाही चांगला बर्फ असतो.

गाव निवडताना प्रसिद्धीला भुलू नये. शेकडो किलोमीटरचे उतार असलेल्या केंद्राचा पास, म्हणजे लिफ्ट वापरण्याचे तिकीट, महाग असतो, आणि नवशिक्याला त्यातले दोन-तीन किलोमीटरच उपयोगी पडतात. आपल्याला हवा असतो गावालगतचा एक रुंद, सौम्य उतार, नवख्यांसाठी जमिनीलगत सरकणारा पट्टा आणि मुलांची स्की-शाळा. टिरोलमधील आल्पबाख आणि विल्डशोनाउ ही खोरी या दृष्टीने चांगली आहेत. झोल, शेफाउ आणि एलमाउ ही गावे मोठ्या केंद्राची असली, तरी त्यांचा एक फायदा आहे: सीमेपासून कुफश्टाइन-झूड या फाट्यापर्यंतच्या महामार्गाला २०१९च्या डिसेंबरपासून व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-परवाना, लागत नाही आणि तिथून आतल्या रस्त्याने ही गावे गाठता येतात. उताराच्या पायथ्याशी असलेल्या घरापेक्षा खोऱ्यात पाच-सात किलोमीटर अलीकडचे घर बरेच स्वस्त मिळते, आणि बहुतेक ठिकाणी स्कीची बस पासधारकांना किंवा पाहुण्यांच्या कार्डावर मोफत असते. घराच्या भाड्याची तुलना करताना अखेरची साफसफाई, चादरी-टॉवेल आणि माणशी दररोजचा पर्यटन-कर हे तिन्ही मिळवूनच रक्कम पाहावी. ते वेगळे आकारले जातात, आणि स्वस्त वाटलेले घर त्यामुळे शेजारच्या घराएवढेच पडू शकते.

इन्सब्रुक शहरातच राहून रोज वेगळ्या डोंगरावर जाणे हाही एक पर्याय आहे, आणि मुलांना इतिहास सांगायला तो फार छान आहे. १९६४ आणि १९७६ अशी दोन हिवाळी ऑलिंपिक तिथे झाली. त्यांपैकी १९६४च्या ऑलिंपिकमध्ये जेरेमी बुजाकोव्स्की या एकाच स्कीपटूच्या रूपाने भारत पहिल्यांदा हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला.

कागदपत्रांचा क्रम चुकवून चालत नाही. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि तो ज्या देशात सर्वाधिक रात्री काढायच्या त्या देशाकडे करायचा असतो. म्हणजे विमान जर्मनीत उतरत असले, तरी सहा रात्री ऑस्ट्रियात असतील तर अर्ज ऑस्ट्रियाकडे जातो. जून २०२४पासून प्रौढांसाठी ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो शुल्क आहे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे पडते. घराचे आरक्षण करताना रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशीच जागा निवडावी, म्हणजे व्हिसाला उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही.

व्हिसा आला की लगेच आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याच्या मागे लागावे. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर भरता येतो, शुल्क १,००० रुपये आहे आणि परवाना एक वर्ष चालतो. पुण्याच्या हद्दीतल्या लोकांना संगम पुलाजवळच्या आरटीओशी आणि पिंपरी-चिंचवडकरांना तिकडच्या कार्यालयाशी व्यवहार करावा लागतो. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांच्या प्रती हाताशी ठेवाव्यात. इथे एक बारीक गोष्ट तपासायची असते. आपल्याकडे लायसन्सवर नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिन्ही येते, पासपोर्टवर कधी वेगळी मांडणी असते आणि क्रेडिट कार्डावर केवळ आद्याक्षरे असतात. गाडीच्या काउंटरवरचा माणूस ही तिन्ही कार्डे शेजारी ठेवून पाहतो. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तो पुण्यात असतानाच दुरुस्त करून घ्यावा. मूळ लायसन्स सोबत नसेल तर आंतरराष्ट्रीय परवान्याला अर्थ राहत नाही, हेही विसरू नये.

विम्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि तो घेतला की काम झाले असा अनेकांचा समज होतो. परंतु भारतात मिळणाऱ्या प्रवास-विम्यांपैकी बऱ्याच योजनांमध्ये हिवाळी खेळ हे साहसी खेळांत मोडतात आणि मूळ संरक्षणातून वगळलेले असतात. म्हणून पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचे पान शब्दशः वाचावे, स्कीइंगचे जोडसंरक्षण घ्यावे आणि त्यात उतारावरून खाली आणण्याचा व हेलिकॉप्टरचा खर्च धरला आहे का, हे लेखी विचारावे. ऑस्ट्रियात डोंगरावरून हेलिकॉप्टरने उचलले, तर बिल हजारो युरोंचे होते आणि ते जखमी माणसाच्या नावावर येते. आपल्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारे संरक्षणही हवे. इटलीत तर २०२२पासून अशा विम्याशिवाय आखलेल्या उतारावर उतरताच येत नाही.

गाडी ठरवताना

गिअरची गाडी ऑटोमॅटिकपेक्षा स्वस्त मिळते, आणि आपल्याकडे गिअरची सवय असली तरी तिथे चालक डावीकडे बसतो आणि गिअर उजव्या हाताने टाकायचा असतो. घाटात, बर्फात आणि झोपमोड झालेल्या अवस्थेत ही नवी सवय लावून घेणे ज्यांना अवघड वाटेल, त्यांनी ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे खुशाल द्यावेत. ती चैन नाही. चार माणसे आणि दोन मोठ्या बॅगांसाठी मागे लांब डिकी असलेली कॉम्बी प्रकारची गाडी घ्यावी. स्की तिथेच भाड्याने घ्यायच्या असल्यामुळे टपावरच्या पेटीवर खर्च करू नये.

आरक्षणाच्या वेळीच गाडी ऑस्ट्रियात नेणार असल्याचे कळवावे, हिवाळी टायर आहेत याची लेखी खात्री करून घ्यावी आणि बर्फाच्या साखळ्या मागून ठेवाव्यात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठण असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर तरी हवेत किंवा साखळ्या तरी. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह कोरलेले असते, ते गाडी ताब्यात घेताना स्वतः खाली वाकून चारही चाकांवर पाहावे. मुलांच्या आसनाचे नियम देशागणिक बदलतात. जर्मनीत १२ वर्षे किंवा १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत आसन लागते, आणि ऑस्ट्रियात १४ वर्षांखालील मुलाची उंची १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लागते. आठवडाभराच्या भाड्यापेक्षा पुण्यातून साधे बूस्टर आसन नेणे स्वस्त पडते, मात्र त्यावर युरोपीय मान्यतेचा शिक्का असला पाहिजे.

अनामत रक्कम मुख्य चालकाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवली जाते, आणि डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर गाडी मिळेलच याचा भरवसा नसतो. निघण्यापूर्वी बँकेला सांगून आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावेत आणि मर्यादा वाढवून घ्यावी. तिथे यंत्राने रुपयांत पैसे घ्यायचे का असे विचारले, तर युरोच निवडावे.

बॅग भरताना

युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. त्यामुळे तूप, पेढे, बर्फी, पनीर, श्रीखंड हे घरीच ठेवावे लागते. कढीपत्त्याची जुडी, हिरव्या मिरच्या आणि लिंबेही नेता येत नाहीत. ताज्या फळांपैकी केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढ्यांनाच प्रमाणपत्राशिवाय प्रवेश आहे. याउलट थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, रवा, डाळी, तांदूळ, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, बाकरवडी आणि तिळगूळ यांना अडचण नाही. विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल, तर खसखस आणि ती लावलेले अनारसे सामानात ठेवू नयेत, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे.

तीन लिटरचा स्टीलच्या बुडाचा कुकर नेला की निम्मा प्रश्न सुटतो. तिथल्या घरांत इंडक्शनची शेगडी असू शकते आणि तिच्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. फोडणी देताना धुराड्याचा पंखा पूर्ण वेगाने लावावा आणि तेल धुरावेपर्यंत तापवू नये, नाही तर छतावरचा धुराचा भोंगा सगळी इमारत जागी करतो. डोंगरावरच्या उपाहारगृहात चौघांचे रोजचे जेवण हा सहलीतील मोठा खर्च आहे. सकाळी थालीपीठ किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या करून डब्यात नेल्या, की दुपारी केवळ गरम पेयावर भागते.

कपड्यांत सुती वस्त्र अंगाला लागू देऊ नये. जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेते. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जाकीट व पँट असे तीन थर पुरतात. पुण्यातल्या डेकॅथलॉनमध्ये हे मिळते, आणि मुलांची जाकिटे मित्रपरिवारात आधी विचारून घेतली तर आणखी बरे. हातमोजे, डोळ्यांवरचा गॉगल, सनस्क्रीन आणि ओठांचे मलम मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र हवे. निघण्याच्या आधी दोन महिने दर रविवारी सिंहगड पायी चढावा आणि उतरावाही. स्कीइंगमध्ये मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जो ताण येतो, तो चढताना नाही तर उतरताना येणाऱ्या ताणासारखा असतो. पर्वतीच्या पायऱ्या रोज उतरल्या तरी फायदा होतो.

रस्त्यावर

मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेले विमान पहाटे म्युनिकला उतरते, तेव्हा घरून निघून पंधरा-सोळा तास झालेले असतात. पुण्याहून मुंबईपर्यंतचा प्रवास शक्यतो बसने किंवा टॅक्सीने, झोपत करावा. म्युनिकला उतरल्यावर न्याहारी करून, तासभर विश्रांती घेऊन मगच चाक हाती धरावे, आणि दोघांकडेही परवाना असेल तर जो विमानात जास्त झोपला त्याने पहिला टप्पा चालवावा. रविवारी जर्मनी आणि ऑस्ट्रियातली किराणा दुकाने बंद असतात. ऑस्ट्रियात शनिवारीही संध्याकाळी सहाच्या सुमारास दुकाने मिटतात. म्युनिक विमानतळावरचे एडेका हे दुकान रविवारीही उघडे असते, तेव्हा दूध, दही, पाव आणि भाजी तिथूनच घेऊन निघावे.

विमानतळावरून आधी ए९२ आणि ए९, मग शहराला वळसा घालणारा ए९९, त्यानंतर ए८, आणि रोझेनहाइमजवळ ए९३ने कुफश्टाइन असा रस्ता आहे. शनिवारी सगळ्या घरांचे पाहुणे एकाच दिवशी बदलतात, म्हणून त्या दिवशी ए८वर इर्शनबेर्गच्या चढाला मोठी कोंडी होते. जानेवारीत घरमालक रविवार ते शुक्रवार असा मुक्काम देत असेल, तर तोच घ्यावा. कुफश्टाइन-झूडच्या पुढे महामार्गाने जायचे असेल तर सीमेआधीच्या पेट्रोल पंपावर दहा दिवसांचे व्हिन्येट घ्यावे. २०२५ मध्ये त्याची किंमत १२.४० युरो होती. इन्सब्रुकहून इटलीकडे जाणाऱ्या ब्रेनर महामार्गाचा टोल त्याहून वेगळा आहे. स्वित्झर्लंडमध्ये शिरायचे असेल तर तिथे वर्षाचेच व्हिन्येट मिळते आणि त्याला ४० फ्रँक पडतात.

उजव्या बाजूने चालवण्याची सवय अर्ध्या तासात होते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पंपातून बाहेर पडताना किंवा सकाळी पार्किंगमधून निघताना. म्हणून शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणाला 'उजवीकडे' असे मोठ्याने म्हणावे. महामार्गावर वाहतूक थांबू लागली की डाव्या लेनमधल्या गाड्यांनी अगदी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करायची असते. अपघात दिसला नाही तरी ही वाट करणे जर्मनी आणि ऑस्ट्रियात कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे कोंडीत मिळेल त्या फटीत पुढे सरकण्याची सवय असते, ती इथे पूर्णपणे सोडावी लागते. पेट्रोल स्वतः भरायचे असते आणि साधारणपणे भरून झाल्यावर आत जाऊन पैसे द्यायचे असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेले इंधन आणि नळीवरचे नाव जुळते आहे, हे दोनदा पाहावे.

घाटाची गाडी हाकलेल्या माणसाला आल्प्सचा रस्ता परका वाटत नाही. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा ताम्हिणी-वरंध्यात शिकलेला धडा तिथेही तसाच लागू पडतो. बर्फावर त्यात एवढीच भर घालायची की ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि स्टिअरिंग यांपैकी कशालाही झटका द्यायचा नाही, आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर ठेवायचे. पूल आणि सावलीतली वळणे आधी गोठतात. रस्ता नुसता ओला दिसला, तरी तिथे पातळ काचेसारखा थर असू शकतो.

साखळी चढवण्याचा सराव पहिल्याच दिवशी, उजेडात, सपाट जागेवर करावा. निळ्या गोल फलकावर साखळी घातलेल्या चाकाचे चित्र दिसले की ती चढवणे सक्तीचे असते, आणि तो फलक बहुधा अंधारात, बर्फ पडत असतानाच समोर येतो. साखळी चालक चाकांना घालायची, म्हणजे बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या दोन. आधी ती जमिनीवर पसरून गुंता सोडवावा. मग तिची लवचीक कडी चाकाच्या मागून सरकवून दोन्ही टोके वर आणून जोडावीत, पुढची आकडी अडकवावी, ताण देणारी दोरी ओढून घ्यावी, दहा-पंधरा मीटर गाडी चालवावी आणि उतरून पुन्हा एकदा घट्ट करावी. ही दुसरी ओढ बहुतेक जण विसरतात, आणि मग सैल साखळी चाकाच्या वरच्या पत्र्यावर आदळत राहते. साखळी असताना वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर नेऊ नये आणि बर्फ संपताच ती काढून टाकावी. रात्री गाडी गिअरमध्ये उभी करावी, वायपर उचलून ठेवावेत आणि सकाळी सर्व काचा पूर्ण खरवडून स्वच्छ कराव्यात. समोरच्या काचेत वितभर खिडकी करून निघणे धोक्याचे आहे आणि त्याला दंडही होतो.

उतारावर

भाड्याच्या दुकानात सर्वाधिक वेळ बुटांना द्यावा. पायात एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा असावा. दोन मोजे घातले की घड्या पडतात, पाय दुखतो आणि गारही पडतो. बूट घालून ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकेच टेकली पाहिजेत, आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ती मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. मुलांना वाढत्या मापाचा बूट घेण्याची आपली सवय इथे सोडावी, कारण सैल बुटातून स्कीला दिशा देता येत नाही. दुकानदार वजन, उंची आणि वय विचारतो. त्यावर पडल्यावर स्की पायातून सुटण्याचा ताण ठरतो, म्हणून वजन संकोच न करता खरे सांगावे. हेल्मेट चौघांनीही घ्यावे.

शिक्षकावरचा खर्च कमी करू नये असे मी आग्रहाने सांगतो. मुलांना किमान तीन दिवस सामूहिक वर्गात घालावे आणि आई-वडिलांनी निदान दोन दिवस तरी शिकावे. आरक्षण करताना इंग्रजीतून शिकवणारा गट आहे का, हे विचारून घ्यावे. मोठी माणसे स्वतः बघून शिकायला जातात, तेव्हा घाबरून मागे झुकतात आणि मागे झुकले की वेग आणखी वाढतो. शिक्षक पहिल्या तासातच नडगी बुटाच्या जिभेवर टेकवून पुढे उभे राहायला शिकवतो, आणि स्कीची टोके जवळ व शेपट्या दूर असा पाचर करून थांबायला लावतो. ते एक जमले की भीती निम्मी होते.

पास मात्र थांबून घ्यावा. पहिले दोन दिवस सरकत्या पट्ट्यावरच जातात, आणि अनेक गावांत तो मोफत असतो किंवा त्याचे स्वस्त तिकीट मिळते. संपूर्ण केंद्राचा सहा दिवसांचा पास पहिल्या सकाळी काढणे म्हणजे न वापरलेल्या लिफ्टचे पैसे भरणे होय. तिसऱ्या दिवशी सर्वांना निळा, म्हणजे सोपा, उतार जमू लागला, की दोन किंवा तीन दिवसांचा पास घ्यावा. मुलांच्या वयाच्या सवलतीसाठी पासपोर्टची प्रत जवळ ठेवावी.

ऑस्ट्रियात निळा सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड असे उतार असतात. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा असतो. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचे, हा उतारावरचा मूळ नियम मुलांकडून पाठ करून घ्यावा. थांबायचे असेल तर अरुंद जागी किंवा वळणाआड थांबू नये, कडेला व्हावे. आखलेल्या उताराबाहेरच्या अस्पर्श बर्फात नवख्याने पाऊलही टाकू नये, कारण हिमकडा कोसळण्याचा धोका तिथूनच सुरू होतो. युरोपभर ११२ आणि ऑस्ट्रियात डोंगरावरच्या बचावासाठी १४० हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत. अपघात बहुतेक दुपारनंतर, पाय थकलेले असताना होतात. तीन वाजता 'आणखी एकच फेरी' असे मूल म्हणाले, की लिफ्टने खाली यावे. मधला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा आणि त्या दिवशी घसरगाडी भाड्याने घ्यावी. ती स्वस्त असते आणि मुलांना तीच जास्त आठवते.

परतीच्या दिवशी ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना सीमेवर तपासणी असू शकते, तेव्हा पासपोर्ट हाताशी ठेवावेत आणि शनिवार असेल तर दोन तास जास्तीचे धरावेत. विमानतळाच्या अलीकडच्या गावात टाकी पूर्ण भरून पावती ठेवावी, साखळ्या धुऊन पिशवीत घालाव्यात, आणि गाडीवरचा चिखलबर्फ पुसून चारही बाजूंचे, चाकांचे व इंधनाच्या काट्याचे फोटो काढावेत. आमच्या पहिल्या खेपेला पुढच्या पत्र्यावरच्या एका ओरखड्यासाठी कंपनीने पैसे मागितले होते. गाडी घेताना त्याच जागेचा फोटो काढलेला असल्यामुळे ती मागणी चार दिवसांत मागे घेतली गेली. वेगमर्यादेचा दंड महिना-दोन महिन्यांनीही कार्डावर येऊ शकतो, म्हणून अनामत परत आली तरी भाड्याचा करार आणि हे फोटो निदान सहा महिने जपून ठेवावेत.